वेदीसाठी तीन कॅन

"काय पाहिजे, मावशी?"

जाळीपलीकडून दुकानदारानं विचारलं. गावातून निघाल्यापासून, एसटीत बसल्या बसल्या, मी एकच वाक्य घोकत आले होते. ते ऐन वेळी कुठं गेलं कोण जाणे.

"वाईन," मी म्हणाले.

"जरा मोठ्यानं बोला."

"वाईन पाहिजे. कॅनमधली."

माझ्या मागं रांगेत दोघं-तिघं पुरुष उभे होते. त्यातला एक खाकरला. मी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. गळ्यातली क्रुसाची साखळी एसटीतून उतरतानाच काढून पर्समध्ये टाकली होती. मी अंगणवाडी सेविका. तालुक्यातल्या अर्ध्या पोरांनी माझ्या हातची खिचडी खाल्लेली. त्यांच्यापैकी कुणाचा बाप मागं उभा असेल याचा नेम नव्हता, म्हणून मी मागं वळून पाहतच नव्हते.

हे चार वर्षांपूर्वीचं. ईस्टरच्या आदल्या दिवसाचं, शनिवारचं.

आमच्या चर्चची मंडळी लहान. साठ-बासष्ट माणसं, एक पत्र्याचं मंदिर, समोर एक लिंब. आमच्याकडं प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर आणि प्याला देतात त्याला, वाईन कधीच नसते. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि तो रस छोट्या छोट्या प्याल्यांत भरायचा. माझ्या सासूबाई हे करायच्या, त्यांच्या मागं मी करते. तेव्हा वीस वर्षं झाली होती. कुणाची तक्रार नाही.

पण त्या वर्षी ईस्टरला बिशपसाहेब येणार होते. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आटोपली आणि लिंबाखाली पंचांची बैठक बसली. बेंजामिनदादा उजागरे आमचे सेक्रेटरी. हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी सांगितलं, "बिशपसाहेबांच्या ऑफिसातून फोन आला होता. त्यांच्या पद्धतीत मनुकांचा रस चालत नाही. खरी वाईन लागते."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"माझा पुण्याचा भाचा सांगतो, आता कॅनमध्ये मिळते. स्वस्त पडते. बाटली आणली तर तिचं बूच काढायला आपल्याकडं यंत्र नाही. आणि आशीर्वाद दिलेली वाईन उरली तर फेकणार कुठं? कॅन लहान असतात. लागतील तेवढेच फोडायचे." दादांनी सगळा विचार करून ठेवला होता. "प्रश्न एवढाच, की आणणार कोण?"

त्यावर मात्र कुणाचा विचार झालेला नव्हता. एकाला शनिवारी दवाखान्यात जायचं होतं. दुसऱ्याचा जावई यायचा होता. तिसरा म्हणाला, मला दुकान कुठं आहे तेच माहीत नाही. हे तो इतक्या घाईनं म्हणाला की दुकान त्याला नक्की माहीत असणार. शेवटी दादांनी पायरीकडं पाहिलं. पायरीवर माझा नवरा बसला होता.

"योहान, तुला दुकानं माहीत आहेत," दादा म्हणाले.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वाईट असतं तर मी भांडले तरी असते.

माझे मालक एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दारू त्यांनी अठरा वर्षं प्यायली. आदल्या वर्षी एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर टेबलासकट खाली आले. वरणाचं पातेलं नवरीच्या आईच्या अंगावर. तेव्हा पंचांनी त्यांना प्रभुभोजनातून बंद केलं. आमच्यात तशी रीत आहे. बंद केलेल्या माणसानं उपासनेला यायचं, पण शेवटच्या बाकावर बसायचं. भाकर आणि प्याला पुढं फिरायला लागला की त्यानं मान खाली घालून बसून राहायचं. वर्षभर त्याची वागणूक बघतात. ठीक वाटली तर एका मोठ्या सणाला त्याला नावानं पुढं बोलावतात, सगळ्यांच्या आधी भाकर-प्याला देतात, आणि तो पुन्हा मंडळीचा होतो.

त्या लग्नानंतर मालकांनी थेंबाला हात लावला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारामागं कॅलेंडर होतं. रोज सकाळी चहाच्या आधी त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिहायचे. शुक्रवारी तीनशे एकोणसाठ लिहिला होता. ईस्टरला त्यांना पुढं बोलावणार होते.

आणि आता त्यांनाच वाईन आणायला सांगत होते.

"आणतो की," मालक म्हणाले आणि दोन्ही हात विजारीच्या खिशात घातले. ते हात खिशात का गेले हे त्या लिंबाखाली फक्त मला कळलं.

"मी जाते," मी म्हणाले.

"सलोमीबाई, तुम्ही? दुकानात?"

"प्रभुभोजनाच्या टेबलाची तयारी माझ्याकडं असते ना? मग मीच जाते."

कुणी फार आढेवेढे घेतले नाहीत. सुटल्यासारखे सगळे घरी गेले.

तर अशी मी त्या जाळीसमोर उभी होते.

"कॅनमध्ये तीन-चार प्रकार आहेत," दुकानदार म्हणाला. माणूस बरा होता, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यानं फ्रिजमधून एकेक कॅन काढून माझ्यासमोर मांडला. "ही रोझे. गुलाबी. बायकांना आवडते. ही व्हाइट. ही फसफसणारी, पार्टीला चालते. आणि ही रेड."

दिसायला सगळे कोल्ड्रिंकच्या कॅनसारखेच. एकावर फुलं, एकावर उडणारा पक्षी. मी पर्समधून चष्मा काढला आणि एकेक उचलून बारीक अक्षरं वाचायला लागले. मागचा माणूस पुन्हा खाकरला.

"मावशी, पार्टी कसली आहे? म्हणजे तसं सांगतो."

"पार्टी नाही. साठ माणसं आहेत."

"साठ?" त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग खोकंच लागेल."

"नाही. एकेकाला दीड चमचा."

दुकानदारानं माझ्याकडं नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "उद्या ईस्टर. चर्चसाठी का?"

मी मान हलवली. परक्या माणसाला इतक्या लवकर कळलं म्हणून की काय, मला एकदम रडू यायला लागलं. मी ते गिळलं.

"मग फसफसणारी नको. गुलाबीपण नको, बरं दिसणार नाही." त्यानं दोन कॅन बाजूला सारले. "रेडमध्ये दोन आहेत. ही महाग, जरा तुरट. ही स्वस्तातली, गोडसर. ज्यांनी कधी घेतली नाही त्यांना गोड बरी."

"हिच्यात दारू किती?"

"दारू म्हणजे?"

"म्हणजे... टक्के. लिहिलेलं असतं ना."

"हिच्यात बारा. त्या फसफसणाऱ्यात आठ."

"त्याहून कमी नाही?"

"कमी पाहिजे?" तो जरा चक्रावला. "लोक जास्त कशात आहे ते विचारतात."

"अजिबात नसलेली येत नाही का?"

"येते म्हणतात मोठ्या शहरात. आपल्याकडं कोण ठेवणार?"

मी ती गोडसर रेड हातात धरून उभी राहिले. फ्रिजमधून काढलेला कॅन, बोटं गार पडली. दीड चमच्यात बारा टक्के म्हणजे किती? अंगणवाडीत मी ग्रॅमवर मोजून पोषण आहार वाटते, पण हे गणित मला येईना. आणि आलं असतं तरी काय? व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, थेंब म्हणजे बाटली. औषधातसुद्धा नको. ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं.

"गोड देऊ?"

"तीन द्या," मी म्हणाले. "दोनच पुरतील, पण एक सांडला तर."

तो कॅन कागदात गुंडाळत होता तेवढ्यात मागून आवाज आला.

"वहिनी? योहानच्या घरच्या ना तुम्ही?"

रंगनाथ जेजुरकर. डेपोतला. एके काळी पगाराच्या दिवशी मालकांना घरापर्यंत पोचवायला यायचा, म्हणजे दोघं एकमेकांना पोचवायचे. खाकरणारा माणूस तोच होता.

"आता तुम्हाला पाठवायला लागला काय?" त्यानं कागदातल्या कॅनकडं पाहिलं. "मी म्हणत होतो डेपोत, वर्षभर राहील फार तर. सुटत नाय वहिनी ही, कुणालाच."

"हे मंदिरासाठी आहे," मी म्हणाले.

"हा, हा. मंदिरासाठी," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका कनवाळू झाला की मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी तीन कॅन पिशवीत टाकले, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि निघाले. पैसे उरले का, किती उरले, मी पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी बेंजामिनदादांकडं जाऊन कॅन दाखवले. त्यांनी एक उचलला, चारी बाजूंनी फिरवून वाचला, पेनाच्या टोकानं वाजवून पाहिला. "उत्तम. प्याले उद्या तुम्हीच भरा," म्हणाले.

घरी आले तेव्हा मालक ओट्याशी कांदा चिरत होते. दारू सुटल्यापासून त्यांना संध्याकाळी हाताला काम लागायचं.

"आणलं?"

"आणलं."

"कुठं ठेवलंयस?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

हे तोंडातून गेलं आणि मला कळलं की काय बोलले. त्यांनी सुरी खाली ठेवली, मग परत उचलली आणि कांदा चिरायला लागले. मी पिशवी पिठाच्या डब्यामागं सारली. त्यांनी बघितलं नाही, म्हणजे बघितलं नाही असं दाखवलं. जेवताना आम्ही मुलीबद्दल बोललो. ती मिरजेला नर्सिंगला होती. तिच्या परीक्षेबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो. उद्या प्याला समोर आला तर तुम्ही काय करणार, हे विचारायला माझं तोंड उघडेना. नाही म्हटलं तर सगळी मंडळी म्हणणार, पाहा, हा परत प्यायला लागला, म्हणून घाबरतोय. घेतला तर तीनशे एकसष्ट दिवस मातीत. हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. दोघंही भाकरीचे तुकडे मोडत बसलो.

रविवारी सकाळी साडेसातला मी मंदिरात गेले. वेदीमागं एक खोली आहे, तिथं टेबलाचं सामान असतं. मी दार लावून आतून कडी घातली. थाळा काढला. त्याला बासष्ट खाचा, प्रत्येक खाचेत एक काचेचा इवलासा प्याला. पिशवी समोर ठेवली.

आधी मला वाटलं होतं, यांचा प्याला तेवढा वेगळा भरावा. पण थाळा गोल. बिशपसाहेब तो कुठून धरतील, कसा फिरवतील, कुणाला ठाऊक? तो वेगळा प्याला मंडळीतल्या तबीथाआजींच्या हातात जायचा आणि यांच्या हातात भलताच. मी एक खूण म्हणून प्याला जरा वर उचलून ठेवून पाहिला, परत नीट बसवला. शेवटी ठरवलं की वेगळं कुणाचंच नाही. बासष्ट प्याले भरले, सगळे सारखे. बाहेर एक थेंब सांडला नाही. वर सुईकामाचं पांढरं झाकण घातलं, पिशवी घडी केलेल्या कापडांखाली कोपऱ्यात सारली आणि दार उघडलं.

मंदिर भरलं होतं. मी शेवटच्या बाकावर मालकांशेजारी जाऊन बसले. वर्षभर मी तिथंच बसत होते. मला कुणी बंद केलेलं नव्हतं, पण त्यांना तिथं एकटं सोडून मला पुढं बसवेना. त्यांनी नवा शर्ट घातला होता. मी न सांगता कॉलरचं बटणही लावलं होतं.

गीतं झाली, संदेश झाला. बिशपसाहेब उंच, थकलेले दिसत होते, आवाज मात्र मोठा गोड. त्यांनी भाकर मोडली. मग थाळ्यावरचं झाकण काढून पहिला प्याला स्वतः घेतला.

तो ओठांना लावल्यावर ते क्षणभर थांबले. मी शेवटच्या बाकावरून पाहत होते. त्यांची भुवई हलली, नजर वेदीमागच्या दारावर गेली, तिथून परत आली. मग त्यांनी प्याला रिकामा केला आणि खाली ठेवला.

"आमचा भाऊ योहान वाघचौरे," ते म्हणाले, "पुढं येईल का?"

मालक उठले. माझ्या गुडघ्याला त्यांचा हात लागला. मुद्दाम की चुकून, तेव्हा कळलं नाही. मधल्या वाटेनं ते चालत गेले, नव्या चपलेचा कर्रकर्र आवाज होत होता. सगळ्या मंडळीच्या माना त्यांच्याबरोबर वळत गेल्या. बेंजामिनदादा पुढच्या बाकावर ताठ बसले होते.

भाकर त्यांनी घेतली आणि खाल्ली. मग थाळा त्यांच्यासमोर आला.

ते नुसतेच उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती आणि मान. मानेवरची शीर मला त्या अंतरावरून दिसायचं कारण नव्हतं, पण मी शपथेवर सांगते, मला दिसली. कुणीतरी खोकलं. तबीथाआजी कुजबुजल्या, "घे बाबा, घे." बिशपसाहेब थाळा धरून शांत उभे होते, घाई केली नाही.

मालकांनी हात पुढं केला. प्याला उचलला. आणि एका घोटात, मान मागं टाकून प्यायले, पूर्वी प्यायचे तसेच.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते पहिल्या बाकावर बसले होते आणि दादा त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होते. मग मंडळी रांगेनं पुढं गेली. मीही गेले. प्याला घेताना मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

उपासनेनंतर लिंबाखाली चहा होता. तबीथाआजी पदरानं वारा घेत म्हणाल्या, "बाई, काय जहाल होतं गं ते! माझं तर डोकंच गरगरायला लागलंय."

"खऱ्या वाईनची गोष्टच वेगळी," बेंजामिनदादा म्हणाले. "लगेच अंगात ऊब येते. मनुकांच्या रसात ते नाही."

बिशपसाहेब कपबशी घेऊन माझ्याजवळ आले. "टेबलाची तयारी तुम्ही करता का?"

"हो, साहेब."

"किती वर्षं?"

"वीस."

"चांगली होती," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. आणखी काही विचारलं नाही.

चहा झाल्यावर प्याले धुवायला आत गेले. आमच्यात प्याल्यांचं पहिलं पाणी मोरीत टाकत नाहीत, लिंबाच्या बुंध्याशी ओततात. ते सगळं करून कापडांची घडी उचलली. कोपरा मोकळा होता. पिशवी नव्हती.

"पिशवी होती इथं," मी बाहेर येऊन विचारलं. "कुणी पाहिली का?"

"योहाननं नेली की," दादा म्हणाले. "कापडं धुवायची असतील म्हणाला. मगाशीच गेला तो."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. मी धावले. भर उन्हात, साडी वर धरून, अंगणवाडीच्या बाई धावतायत हे सगळं गाव बघत होतं, बघू दे म्हटलं. डोक्यात एकच होतं. घरात ते एकटे आहेत, आणि ती पिशवी आहे. माणसाला एकदा वाटलं की मोडलंच, तर मग तो उरलेलं राखत नाही. अठरा वर्षांत मी हे शंभर वेळा पाहिलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं.

मालक स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. समोर टेबलावर तीन कॅन, एका ओळीत. मी आधी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही, कॅनच्या वरच्या कड्यांकडं पाहिलं. तिन्ही कड्या जागच्या जागी होत्या.

"बस," ते म्हणाले.

मी बसले. मला धाप लागली होती.

"तीन आणले होतेस ना?"

"हो."

"पिशवी उचलली तेव्हाच वजन लागलं. रिकामे असते तर वाजले असते." त्यांनी एका कॅनवर बोट ठेवलं. "तिन्ही इथं आहेत. मग मी काय प्यालो, सलोमी?"

"मनुकांचा रस."

त्यांनी कॅनवरचं बोट काढून घेतलं.

"बैठकीच्या आधीच मनुका भिजत घातल्या होत्या. टाकून कुठं देणार? शनिवारी उकळून बाटलीत भरून ठेवला. नेहमी पाणी घालते, ते घातलं नाही, वर थोडं लिंबू पिळलं. अगदी दार लावेपर्यंत माझंही ठरत नव्हतं."

"सगळ्यांना तोच?"

"सगळ्यांना. बिशपसाहेबांनाही."

मला वाटलं होतं, ते हसतील. तबीथाआजींचं गरगरणारं डोकं आणि दादांची ऊब आठवून आम्ही दोघं पोट धरून हसू. ते हसले नाहीत.

"मला लागली गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "इथं छातीत गरम झालं. मी मनात म्हटलं, आलीस का परत? अन् लगेच दुसरं मनात आलं, थाळ्यात अजून साठ प्याले आहेत. देवाच्या घरात उभा राहून मी मोजत होतो."

"मग घेतलात कशाला? नाही म्हणायचं होतंत!"

"नाय म्हटलं असतं तर तू परत शेवटच्या बाकावर आली असतीस." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून जाऊ दिलं. "बंद मला केलं होतं. वर्षभर तू बसलीस तिथं. मला वाटलं, एक दीड चमचा. नंतरचं नंतर बघू. सलोमीला पुढं बसू दे."

मी यांना वाचवायला सगळ्या मंडळीला फसवलं, आणि हे मला पुढं बसवायला तो प्याला तोंडात ओतून बसले. दोघांपैकी एकानं जरी शनिवारी जेवताना तोंड उघडलं असतं तर ही वेळ आली नसती.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "शुक्रवारपासून वाट बघत होतो."

"तुम्हीही नाही विचारलंत."

"नाय विचारलं." मग म्हणाले, "काल रंगनाथचा फोन आला होता. आता बायकोला पाठवतोस काय दुकानात, म्हणाला. मी म्हटलं, हो, मीच पाठवली."

"असं कशाला सांगितलंत? डेपोभर करेल तो!"

"करू दे. माझ्या नावावर आहेच ते सगळं. तुझं नाव कशाला?"

ते उठले. पण ते कॅनकडं गेले नाहीत. दारामागच्या कॅलेंडरपाशी गेले. सकाळी चहाच्या आधी त्यांनी त्या रविवारच्या चौकोनात तीनशे एकसष्ट लिहिलं होतं. कोनाड्यातून खोडरबर घेतलं आणि ते खोडलं. नीट खोडलं, कागद फाटू दिला नाही. मग तिथं एक लिहिलं.

"अहो, काय करताय? तुम्ही प्यायलाच नाहीत. थेंबसुद्धा नाही!"

"मला कुठं माहीत होतं? मी वाईन समजून घेतली. मला पाहिजे होती ती." त्यांनी पेन्सिल जागेवर ठेवली. "तू रस दिलास, ते तुझं. मी काय घेतलं, ते माझं."

मी खूप समजावलं. भांडलेसुद्धा. त्या तीनशे साठ दिवसांतल्या एकेका संध्याकाळची मी साक्षीदार होते. घामानं भिजलेल्या उशा मी उन्हात टाकल्या होत्या. ते दिवस काय त्यांच्या एकट्याचे होते? पण त्यांनी खोडलेलं परत लिहिलं नाही.

"हे तू ओतून टाक," कॅनकडं न बघता ते म्हणाले. "मी अंगणात थांबतो. वास गेला की हाक मार."

मी मोरीत उकिडवी बसून एकेक कॅन फोडला. दुकानदार खरं बोलला होता, वास गोडसर होता. तिन्ही ओतले, वर दोन बादल्या पाणी सोडलं, फिनेल टाकलं आणि खिडकी उघडली. मग हाक मारली. ते आत आले आणि सांडशी घेऊन चहाचं आधण ठेवायला लागले.

त्या दिवसापासून प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मनुकांचे देठ ते काढतात. मी समोर बसते आणि जे काही मनात असेल ते बोलून टाकते, भांडण झालं तरी. बिशपसाहेब पुन्हा एकदा येऊन गेले. त्या वेळी ऑफिसातून फोन आला, टेबलाला तुमच्याकडं असतं तेच ठेवा.

मंडळीत आता नवी पोरं आहेत. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा सोडायच्या प्रयत्नात असला की त्याला आमच्या घरी घेऊन येतात. हमखास विचारतात, काका, किती वर्षं झाली सोडून?

"चार," मालक सांगतात.

खरं तर पाच झाली. मी तिथंच चहा गाळत उभी असते. पण मी मध्ये बोलत नाही.